परत दिलेला निरोप

दवाखान्यातल्या चादरींच्या खोलीतलं एक भांडण मी एकदा ऐकलं. आवाज दोघांचाही चढलेला नव्हता. पण दबक्या आवाजातली भांडणंच जास्त लागतात, हे संसार केलेल्या माणसाला सांगायला नको. माझं खुब्याचं हाड मोडलेलं, पायाला वजन टांगलेलं, त्यामुळे उठून दुसरीकडे जायची सोय नव्हती. माझी खाट वॉर्डाच्या टोकाला, आणि डोक्यामागे पातळ फळ्यांची भिंत. कानात बोटं घालता आली असती, पण मी घातली नाहीत.

पलीकडे डॉक्टर होते आणि वॉर्डातल्या मावशी होत्या.

डॉक्टर म्हणाले, "तिनं मला विचारलं, माझ्यासाठी बहीण काही म्हणाली होती का. मी नाही म्हटलं. तुम्ही तिथेच चादरीची घडी घालत उभ्या होतात."

"तो निरोप मी परत दिला होता," मावशी म्हणाल्या. "परत दिलेली गोष्ट माझी नाही. जिची तिची."

"जिची होती ती गेली, मावशी. आता ती कुणाचीच राहिली नाही."

त्यानंतर नुसता चादर झटकल्याचा आवाज आला. मावशींना काही सुचेनासं झालं की त्या घडी घातलेली चादर मोडून पुन्हा घालायला घ्यायच्या. त्या दिवशी त्यांनी अख्खा ढीग मोडला असावा.

हा निरोप कसला आणि परत दिला म्हणजे काय, हे कळायला आधी मावशी कोण ते सांगितलं पाहिजे. बायकांच्या वॉर्डात त्या आया होत्या. वयाने माझ्याहून लहान, पण सगळा वॉर्ड मावशी म्हणे म्हणून मीही म्हणे, आणि त्या मला आजी म्हणत. अशी आमची उलटसुलट नाती. फरशी पुसायची, चादरी बदलायच्या, भांडं द्यायचं आणि न्यायचं, ही कामं सगळ्याच आयांची. पण ऑपरेशनला निघालेल्या बाईच्या दोन वेण्या घालायचं काम ह्यांच्याकडे कधी आलं आणि ह्यांचंच होऊन बसलं, हे कुणालाच आठवत नव्हतं. केस त्या हिरव्या टोपीत नीट बसावेत म्हणून दोन घट्ट वेण्या घालतात आणि टोकाला जखमेवर बांधायच्या पट्टीची चिंधी बांधतात. नर्सबाईंना सुया आणि सलाईनमधून मान वर करायला फुरसत नसायची. म्हणून मावशी, आणि म्हणून त्यांचं नाव वेणीमावशी.

हात हलका, जीभ तिखट. पहिल्याच दिवशी माझे केस हातात धरून त्यांनी विचारलं, आजी, ह्याला वेणी म्हणायचं का वात? मी म्हटलं, बाई, जे उरलंय त्याची घाल. तर म्हणाल्या, जरा ओढून घालते, कपाळावरच्या सुरकुत्याही जातील. पहिल्यांदा भांडं घ्यायची वेळ आली तेव्हा मी लाजेनं अर्धमेली झाले होते. सूनबाईसमोर पदर न ढळू देणारी मी, आणि परक्या बाईसमोर हे. मावशींनी पडदा ओढला, तोंड खिडकीकडे केलं आणि समोरच्या इमारतीत कोण काय वाळत घालतंय ते मला सांगत बसल्या, अगदी तिखटमीठ लावून. माझं काम कधी झालं मलाच कळलं नाही. भांडं उचलताना त्यांच्या कपाळाला आठी नाही की नाकावर बोट नाही. जेवण झालेलं ताट उचलावं तसं उचललं आणि गेल्या. माझ्या पोटच्या पोरांनी मला पुष्कळ प्रेम दिलं, पण त्या दिवशी मावशींनी मला जे दिलं त्याला काय म्हणायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

आता निरोपाचं. मागून कुणी केस विंचरत असलं की बाई बोलती होते. समोरच्याचं तोंड दिसत नाही, त्याला आपलं दिसत नाही, आणि लहानपणी आईपुढे बसल्यासारखं वाटतं. त्यात थोड्या वेळानं पोट फाडायचं असतं. मग मनातलं सगळं बाहेर येतं. त्यातले काही निरोप हलके असत. कुंड्यांना पाणी घालायला सांगा, ह्यांच्या गोळ्या दुसऱ्या फळीवर आहेत म्हणावं, मांजर उपाशी असेल हो. असले निरोप मावशी त्याच संध्याकाळी घरी जाता जाता पोचवत. त्यासाठी बसमधून मधेच उतरायच्या आणि पुढे चालत जायच्या. एका मांजरीनं त्यांचा इतका लळा लावून घेतला की मालकीणबाई बऱ्या होऊन घरी गेल्या तरी ती दाराकडे तोंड करून मावशींची वाट बघत बसे. मालकीणबाई तक्रार करायला पुन्हा दवाखान्यात आल्या होत्या.

काही निरोप मात्र जड असत. मी परत आले नाही तर अमकीला एवढं सांगा, असे. ते मावशी पोचवत नसत, जपून ठेवत. लिहिणं त्यांना फारसं जमत नव्हतं. सगळं डोक्यात, आणि शब्द एक इकडचा तिकडे नाही. बाई शुद्धीवर येऊन उशीला टेकून बसली की मावशी तिच्या वेण्या सोडायच्या, चिंधी तिच्या हातावर ठेवायच्या आणि म्हणायच्या, हा घ्या तुमचा निरोप परत. आता तोंड आहे, पाय आहेत, स्वतः सांगा. एकदा दिला की तो त्यांच्या लेखी संपला. कितीही विचारलं तरी त्या ओठ उघडत नसत.

नियम चांगला होता. भीतीपोटी बोललेलं माणूस भीती गेल्यावर परत मागतं, हे मावशींनी पाहिलं होतं. एकीनं वेणी घालताना सासूला असा काही निरोप ठेवला होता की परत मिळाल्यावर तिनं मावशींचे हात धरले आणि म्हणाली, पोचला असता तर घरी जाण्यापेक्षा इथेच राहिलेलं बरं पडलं असतं. मोठ्याने हसतानाही टाके दुखत होते बिचारीचे.

मग माझ्या शेजारच्या खाटेवर थोरली आली.

नाव कशाला सांगू. दोघी बहिणी होत्या, ही थोरली. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेली. वॉर्डातलं घड्याळ मागे आहे, सलाईनचे थेंब जास्त वेगानं पडताहेत, माझ्या सुनेनं आणलेल्या टॉवेलला टीप वाकडी घातली आहे, सगळं तिला दिसे आणि ती बोलूनही दाखवी. दुसऱ्यांच्या चुका काढण्यात जन्म गेलेला, स्वतःची चूक कशी सांगायची ते कधी शिकायची वेळ आली नव्हती. तिच्या पोटात गाठ होती, ती काढायची होती.

धाकटी रोज संध्याकाळी भेटायच्या वेळेला यायची. धुतलेले कपडे आणायची, मळके न्यायची. खाटेच्या पायथ्याशी उभी राहून विचारायची, काही हवंय का? थोरली म्हणायची, नको. संपलं बोलणं. बसायला स्टूल असायचं, पण ती कधी बसली नाही.

त्यांच्यात काय झालं होतं ते मला नंतर कळलं, पण इथेच सांगते. त्यांची आई म्हातारपणी विसराळू झाली होती, घराबाहेर पडली की रस्ता चुकायची. म्हणून मागच्या दाराला दोन कड्या होत्या. खालची आईला निघायची, वरचीला तिचा हात पोचत नसे. एका थंडीच्या सकाळी दार उघडं सापडलं. आई ओढ्याच्या काठाला भिजून गारठलेली मिळाली आणि त्या दुखण्यातून उठली नाही. थोरलीनं सगळ्यांना सांगितलं, धाकटीनं कडी लावली नाही. नातेवाइकांनी ते धरून ठेवलं. धाकटीला स्वतःलाच नक्की आठवेना, मग तिनंही ते धरलं. ती घर सोडून दोन खोल्यांच्या भाड्याच्या जागेत राहायला गेली, आणि त्या एका सकाळीभोवती तिचं सगळं आयुष्य गेलं.

ऑपरेशनच्या दिवशी वेण्या घालताना थोरली मावशींना म्हणाली, "मी परत आले नाही तर माझ्या बहिणीला सांगा. मागच्या दाराची कडी मी काढली होती. तू नाही."

पण थोरली परत आली. ऑपरेशन छान झालं. दोन दिवसांनी ती उशीला टेकून बसली, घड्याळ मागे असल्याचं तिनं पुन्हा सांगितलं, आणि मावशींनी वेण्या सोडून चिंधी तिच्या हातावर ठेवली. तिनं ती मुठीत धरली आणि म्हणाली, हो, मीच सांगते.

तिथून मावशींचा खटाटोप सुरू झाला. तेव्हा मला कळेना, ह्या बाईला भेटायच्या वेळेलाच काय सुचतं. धाकटी आली की त्या मला आडोसा म्हणून पडदा ओढायच्या, नर्सबाईंना काहीतरी विचारायच्या निमित्तानं दाराकडे न्यायच्या, स्टूल अगदी थोरलीच्या उशाशी सरकवून ठेवायच्या. पडद्याच्या अलीकडे मला ऐकू यायचं, काही हवंय का? नको. धाकटी गेल्यावर मावशी थोरलीकडे बघायच्या आणि थोरली म्हणायची, उद्या. असे पुष्कळ उद्या झाले. मावशींच्या तोंडाशी कितीदा आलं असेल, पण त्यांनी ओठ शिवलेले.

घरी जायचं ठरलेल्या सकाळी थोरली तोंड धुवायला म्हणून उठली आणि दोन पावलांवर खाली बसली. पायातली गुठळी छातीत गेली, असं डॉक्टरांनी सांगितलं. सगळे धावले. डॉक्टर स्वतः गुडघ्यावर बसून तिची छाती दाबत होते, घाम त्यांच्या हनुवटीवरून गळत होता, नर्सबाई थांबा म्हणाल्या तरी थांबले नाहीत. पण ती गेली.

धाकटी आली. रडली नाही. खाटेच्या पायथ्याशीच उभी राहिली, नेहमीच्या जागी. तिनं डॉक्टरांना विचारलं, माझ्यासाठी काही म्हणाली होती का ती? डॉक्टरांना काय माहीत. ते हळू आवाजात म्हणाले, नाही बाई, तसं काही नाही, पण फार त्रास झाला नाही त्यांना. मावशी शेजारी चादरीची घडी घालत होत्या. नियम तो नियम. निरोप परत दिलेला.

धाकटी गेल्यावर मात्र त्यांना राहवलं नाही. त्यांनी आपणहून डॉक्टरांना चादरींच्या खोलीत बोलावून सगळं सांगितलं, आणि मग ते भांडण, जे मी ऐकलं.

ह्या डॉक्टरांबद्दलही सांगायला हवं. असा माणूस मी दवाखान्यात दुसरा पाहिला नाही. छातीवर लावायची ती नळी आधी तळहातात धरून गरम करायचे, मग लावायचे. उभ्यानं कधी बोलायचे नाहीत. स्टूल ओढून बसायचे, म्हणजे आपली मान वर करावी लागत नसे. आणि प्रत्येकीला म्हणायचे, काही दुखणार नाही, मी आहे ना. दुखायचंच, पण त्यांनी म्हटलं की बरं वाटायचं. थोरलीलाही त्यांनी तसंच सांगितलं होतं, आणि धाकटी तेव्हा तिथे उभी होती.

भांडण झालं त्याच आठवड्यात ते मावशींना घेऊन धाकटीकडे गेले. त्यांनी जायचं काही कारण नव्हतं, पण आपलं "नाही" आपणच परत घ्यायला हवं असं ते म्हणाले. तिथे काय झालं ते मावशींनी मला केस विंचरता विंचरता सांगितलं. त्या दिवशी त्यांचा कंगवा माझ्या डोक्यात पुन्हा पुन्हा एकाच जागी फिरत होता.

डॉक्टरांनी आधी माफी मागितली. मग मावशींनी निरोप सांगितला, शब्दाला शब्द. धाकटीनं ऐकून घेतलं, दोघांना पाणी दिलं, आणि म्हणाली, "तुम्ही सगळे फार चांगले आहात. म्हणूनच माझा विश्वास बसत नाही."

डॉक्टर म्हणाले, हे खरं आहे. तेव्हा ती म्हणाली की तुम्ही माझ्या बहिणीला म्हणाला होतात, काही दुखणार नाही. तेही चांगलंच होतं. पण रात्रभर कण्हत होती ती. आता मी एकटी राहिले, म्हणून तुम्हाला वाटलं हिच्यासाठीही काहीतरी चांगलं करावं. माझी बहीण मेली तरी असं बोलणार नाही.

दोघं उठले आणि परत आले. खोटं बोलून आले असते तर निदान ते खोटं मागे घेता आलं असतं. खरं कसं मागे घेणार, आणि खरं आहे हे कशानं दाखवणार? त्याच दिवशी चादरीच्या घडीवर हात ठेवून मावशी एवढंच म्हणाल्या असत्या तरी ते पोचलं असतं. चार दिवसांनी आलेलं तेच वाक्य औषधासारखं दिसलं, मुद्दाम गोड केलेल्या.

माझ्या रक्तातली साखर खाली आल्यावर मग माझं खोळंबलेलं ऑपरेशन ठरलं. डॉक्टर स्टूल ओढून बसले, नळी तळहातात धरली, आणि माझ्याकडे बघून म्हणाले, आजी, दुखेल. पहिले दोन दिवस चांगलंच दुखेल. हाक मारा, कुणीतरी येईल. मला आधी वाईट वाटलं. आतापर्यंत सगळ्यांशी गोड बोलत होता आणि माझ्याच वेळेला बरं ह्याची साखर कमी झाली. पण दुखलं तेव्हा मी हाक मारली, आणि खरंच कुणीतरी आलं. मग पुढच्या खेपेला हाक मारायची भीती वाटली नाही. तेव्हापासून ते सगळ्यांना असंच सांगतात, असं ऐकते.

मावशीही बदलल्या. वेण्या सोडताना आता त्या नुसता निरोप परत देत नसत. विचारत, तुम्ही सांगता का मी सांगू? उद्या म्हणाल तर मी आत्ताच जाते. ह्या धाकानं किती बायकांनी तिथल्या तिथे फोन लावले, रडल्या, भांडल्या आणि भांडून हलक्या झाल्या, ते मी खाटेवरून पाहिलं. एक तर नवऱ्यावर इतकी ओरडली की मावशींनीच तिच्या हातातून फोन काढून घेतला. पण थोरलीचा निरोप तसाच राहिला. लोकांकडे पोचवलेल्या एवढ्या निरोपांचं त्यांना कधी काही वाटलं नाही, आणि ह्या एकानं त्यांची झोप नेली.

मग त्यांनी काय करावं? त्या जातच राहिल्या. महिन्यातून एखाद्या संध्याकाळी घरी जाता जाता मधेच उतरायच्या, धाकटीचे जिने चढायच्या, दारात उभं राहून तेच वाक्य म्हणायच्या आणि वळायच्या. आधी आधी धाकटी अर्धं ऐकून दार लावून घ्यायची. मग पूर्ण ऐकून लावायची. एका पावसाळ्यात त्यांना भिजलेलं बघून तिनं आत घेतलं. पुढे पुढे तिच्या उजव्या खांद्यातली कळ वाढली, हात वर जाईना. ते बघून मावशींनी काही न विचारता पिशवीतून कंगवा काढला. त्यानंतर निरोपही आणि वेणीही. पण विश्वास नाही. बरं, म्हणायची ती. एवढंच.

मी घरी आले तरी मावशी माझ्याकडे यायच्या, वात बघायला, असं म्हणत. नोकरीतून निवृत्त झाल्या तरी हे दोन्ही फेरे सुटले नाहीत. शेवटच्या खेपेला त्यांना धाप लागत होती. मी म्हटलं, आज धाकटीकडे जाणं राहू दे. तर म्हणाल्या, उद्या म्हणणारी एक पाहिली आहे मी. मग मी काठी घेतली आणि बरोबर निघाले. एकीला दम नाही, एकीला पाय नाही, दोघी मिळून एक धड बाई झाली असती. त्यानंतर थोड्याच दिवसांत मावशी गेल्या, त्यांच्याच वॉर्डात. ऑपरेशनपर्यंत वेळच आली नाही, त्यामुळे दोन वेण्या कुणी घातल्या नाहीत. डॉक्टर स्टूलावर बसून होते, असं नर्सबाईंनी मला सांगितलं. ते आठवलं की वाटतं, ह्या बाईनं सगळ्यांचं ऐकलं, तिच्या केसांत कुणाचा हात गेला असता तर तिनं काय सांगितलं असतं? मलाही कधी विचारायचं सुचलं नाही.

पण मी त्या संध्याकाळचं सांगत होते. जिन्यात आम्ही दोनदा टेकलो. धाकटीनं दार उघडलं. तिचेही केस आता पांढरे. मावशी चौकटीला हात धरून म्हणाल्या, "तुमच्या बहिणीचा निरोप आहे. मागच्या दाराची कडी मी काढली होती. तू नाही."

"बरं," ती म्हणाली. "बसा."

खोली स्वच्छ, एकच पलंग, भिंतीशी एक बुटकं स्टूल. मावशी पलंगाच्या कडेला बसल्या, धाकटी त्यांच्यापुढे पाठ करून स्टूलावर. मी खिडकीशी खुर्चीत. कंगवा फिरू लागला. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. धाकटीनं मान न वळवता विचारलं, "कडी वरची काढली होती का खालची?"

इतक्या वर्षांत तिनं पहिल्यांदा काही विचारलं होतं. मी मनात म्हटलं, मावशी, वरची म्हण. वरचीच असणार, खालची तर आईलाही निघायची. वरची म्हण आणि मोकळी हो.

कंगवा थांबला. "तेवढं ती बोलली नाही," मावशी म्हणाल्या. "आणि मी विचारलं नाही."

 मला धाकटीची पाठ दिसत होती, हलत नव्हती. मग ती म्हणाली, "तुम्ही रचून सांगितलं असतं तर वरची म्हणाल्या असतात."

 केसांचे तीन पेड मावशींच्या बोटांत तसेच होते.

"मला तिच्या तोंडून ऐकायचं होतं," धाकटी म्हणाली.

"हो," मावशी म्हणाल्या. "मान सरळ ठेवा."

त्यांनी वेणी पुरी केली, पिशवीतून पट्टीची चिंधी काढून टोकाला बांधली, कंगव्यातले गळलेले केस बोटाला गुंडाळून कागदात घातले. धाकटीच्या खांद्यावरून हात फिरवून एक सुटा केस झटकला. मग पलंगाला हात टेकून उठल्या, आणि दारापाशी चपला घालताना नेहमीसारखं म्हणाल्या, "निरोप दिला. येते."